ड्रॉइंग सॉफ्टवेअरमधील पॅनेलची मांडणी : या चुका टाळा

आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) आधीच्या लग्नसराईत जळगाव-धुळ्याकडच्या डीटीपी म्हणजे संगणकावर छपाईची मांडणी करणाऱ्या दुकानांमध्ये पत्रिकांचे काम रात्री उशिरापर्यंत चालते, आणि मला सर्वाधिक फोनही याच दिवसांत येतात. पलीकडून पहिले वाक्य बहुधा ठरलेले असते : "भाऊ, समदं गयं!" फाइल मात्र जागेवरच असते. गेलेले असते ते एखादे पॅनेल (पर्यायांची छोटी खिडकी), टूलबार किंवा रंगांची पट्टी. अमळनेरच्या एका ऑपरेटरने कोरलड्रॉमधील रंगांची उभी पट्टी दिसेना म्हणून सॉफ्टवेअर काढून पुन्हा बसवले, तरीही पट्टी आली नाही. मांडणीची नोंद वापरकर्त्याच्या स्वतंत्र फोल्डरमध्ये राहते आणि सॉफ्टवेअर काढल्यावरही ती बहुधा तशीच उरते, त्यामुळे त्याची दोन तासांची मेहनत वाया गेली होती. विंडो मेनूतील कलर पॅलेट्समध्ये एक टिक करताच काम झाले.

"गेले" म्हणजे नेमके काय झाले?

सर्वांत मोठी चूक ही, की पॅनेल कोणत्या अवस्थेत आहे हे न पाहताच उपाय सुरू होतो. न दिसणारे पॅनेल बंद झालेले असते, मिटलेले असते, कडेपासून सुटून तरंगत असते किंवा बाकीच्या सर्व पॅनेलांसह लपलेले असते, आणि या चारही अवस्थांचे उपाय वेगवेगळे आहेत.

बंद झालेले पॅनेल मेनूतूनच परत येते. कोरलड्रॉमध्ये विंडो मेनूतील डॉकर्स (तेथे पॅनेलला डॉकर म्हणतात), क्रिटामध्ये सेटिंग्ज मेनूतील डॉकर्स आणि गिंपमध्ये विंडोज मेनूतील डॉकेबल डायलॉग्ज ही त्यांची ठिकाणे आहेत. गिंपमध्ये त्याच मेनूत नुकत्याच बंद केलेल्या डॉकची, म्हणजे पॅनेलांच्या गटांची, वेगळी यादीही असते, आणि अनेक पॅनेलांचा संच एका फटक्यात बंद झाला असेल तर ती फार उपयोगी पडते.

मिटलेले पॅनेल कडेला केवळ टॅब किंवा चिन्ह म्हणून उरते, त्यामुळे नजर त्याच्यावरून घसरते. फोटोशॉपमध्ये याचीच एक उपतक्रार येते, ती म्हणजे पॅनेल उघडले तरी दुसरीकडे क्लिक करताच आपोआप मिटते. हा बिघाड नव्हे. प्रेफरन्सेसच्या वर्कस्पेस विभागात "ऑटो-कोलॅप्स आयकॉनिक पॅनेल्स" असा पर्याय आहे, त्याची टिक काढावी.

सर्व पॅनेल एकाच वेळी नाहीशी झाली असतील तर संशय प्रथम टॅब या कळीवर घ्यावा. फोटोशॉप, इलस्ट्रेटर, गिंप आणि क्रिटा या चारही सॉफ्टवेअरमध्ये टॅब दाबल्यावर कडेची पॅनेल लपतात आणि पुन्हा दाबल्यावर परततात. इंकस्केपमध्ये साधारण हेच काम एफ १२ ही कळ करते. मजकूर टाइप करताना अक्षरांची चौकट निवडलेली आहे अशा समजुतीने टॅब दाबली जाते, चौकट मात्र आधीच सुटलेली असते. त्यामुळे तक्रार सांगणारा माणूस "मी काहीच केले नाही" असे म्हणतो, तेव्हा तो खरेच बोलत असतो.

ओढताना हात कुठे धरावा

सुटून तरंगणारे पॅनेल ओढून कडेला बसवावे लागते. ते बसत नाही, ही तक्रार जवळजवळ नेहमी चुकीच्या जागी धरल्यामुळे उद्भवते. टॅबचे नाव धरून ओढल्यास केवळ तेवढेच पॅनेल गटातून सुटते, तर गटाच्या वरच्या मोकळ्या पट्टीला धरून ओढल्यास पूर्ण गट हलतो. कोरलड्रॉमध्ये आणखी एक खुबी लक्षात ठेवावी लागते : पॅनेलची कड नव्हे, तर माउसचा बाण चित्राच्या खिडकीच्या काठापर्यंत न्यावा लागतो, आणि तेथे राखाडी छाया उमटल्यावरच बोट सोडायचे असते. फोटोशॉपमध्ये हीच खूण निळ्या रंगात दिसते. तेथे पॅनेल तरंगतेच ठेवायचे असेल तर ओढताना कंट्रोल दाबून ठेवावी, आणि ओढणे अर्ध्यावर सोडायचे असेल तर एस्केप दाबावी.

टूलबार चुकून हलत असतील तर कोरलड्रॉमध्ये टूलबारवर उजवे क्लिक करून "लॉक टूलबार्स" निवडावे. ज्या दुकानात एकाच संगणकावर आळीपाळीने तिघे बसतात, तेथे तर पहिल्याच दिवशी हे करावे.

लहान पडद्यावर दोन्ही बाजू भरणे

आपल्याकडील जुन्या लॅपटॉपचा पडदा बहुधा १३६६ बाय ७६८ पिक्सेलचा असतो. दोन्ही बाजूंना ३०० पिक्सेल रुंदीची पॅनेल बसवली तर कामासाठी ७६६ पिक्सेल उरतात. त्यात विंडोजचे स्केल, म्हणजे पडद्यावरचे सारे मोठे दाखवण्याचे प्रमाण, १२५ टक्के ठेवलेले असेल, तर तीच पॅनेल सुमारे ३७५ पिक्सेलची होतात आणि मधली जागा ६१६ वर येते. मग ऑपरेटर दिवसभर झूम करत बसतो आणि संगणक मंद आहे असे म्हणतो. पॅनेल एकाच बाजूला, एकाच गटात टॅब करून ठेवावीत, हे माझे स्पष्ट मत आहे. दोन्ही बाजू भरण्याची चैन १९२० बाय १०८० च्या पडद्यावर करावी.

शिवाय प्रत्येक पॅनेल सतत उघडे लागत नाही. श्रीलिपी या मराठी फॉन्टमधील जोडाक्षरे किंवा पत्रिकेवरील गणपतीचे चिन्ह घेण्यासाठी इन्सर्ट कॅरॅक्टर डॉकर दिवसभर उघडा ठेवणारे अनेकजण मी पाहतो, वास्तविक कंट्रोल आणि एफ ११ दाबल्यावर तो हवा तेव्हा उघडतो. याउलट ऑब्जेक्ट्सचे पॅनेल, ज्याला जुन्या आवृत्त्यांत ऑब्जेक्ट मॅनेजर म्हणत, ते कायम समोर असावे. रावेर-सावद्याकडच्या केळीच्या खोक्यांसाठी लेबल करताना एकावर एक आलेल्या आकारांतला नेमका आकार निवडणे त्याच्याशिवाय फार जिकिरीचे होते.

दुसरा पडदा काढल्यावर

दुकानातील दुसऱ्या मॉनिटरवर पॅनेल नेऊन ठेवायचे आणि लॅपटॉप घरी न्यायचा, यात पॅनेल पडद्याबाहेर अडकण्याची शक्यता असते. मेनूत टिक दिसते, पण पॅनेल दिसत नाही. अशा वेळी विंडोजच्या कळीसोबत पी दाबून केवळ लॅपटॉपचा पडदा निवडावा आणि सॉफ्टवेअर बंद करून पुन्हा उघडावे. तेवढ्याने न भागल्यास मांडणी रीसेट करावी.

मांडणी जतन न करणे

अनेक सॉफ्टवेअर मांडणीची नोंद बंद होताना करतात. मे-जूनमध्ये केळीच्या बागा आडव्या करणारे वारे सुटले की वीज जाते, आणि इन्व्हर्टरने दगा दिला तर फाइल ऑटोसेव्हमुळे वाचते, पण सकाळी नीट लावलेली पॅनेल जुन्या जागी परततात. म्हणून मांडणी मनासारखी जमताच तिला नाव देऊन जतन करावे. फोटोशॉपमध्ये विंडो मेनूतील वर्कस्पेसमध्ये (वर्कस्पेस म्हणजेच मांडणी) "न्यू वर्कस्पेस" आहे. क्रिटामध्ये वर उजव्या कोपऱ्यात वर्कस्पेसचे बटण आहे. गिंपमध्ये प्रेफरन्सेसच्या विंडो मॅनेजमेंट विभागात "सेव्ह विंडो पोझिशन्स नाऊ" हे बटण आहे. पत्रिका आणि फ्लेक्स यांच्यासाठी दोन वेगळ्या मांडण्या केल्या तर उत्तमच.

रीसेट शेवटी

कोरलड्रॉ सुरू होत असताना एफ ८ दाबून ठेवल्यास मांडणी मूळ स्थितीत येते, परंतु स्वतः ठरवलेल्या शॉर्टकट कळाही त्यासोबत जातात. त्यामुळे सॉफ्टवेअर उघडत असेल तर ऑप्शन्समधून वर्कस्पेस आधी एक्स्पोर्ट करून पेन ड्राइव्हवर घ्यावी. फोटोशॉप सुरू होताना कंट्रोल, आल्ट आणि शिफ्ट एकत्र दाबल्यास सेटिंग्जची फाइल पुसण्याविषयी विचारणा होते. तेथे होकार देण्याआधी वर्कस्पेस मेनूतील साधा रीसेट करून पाहावा, कारण बहुतेक वेळा तेवढ्यावरच भागते. गिंपमध्ये विंडोच्या जागा रीसेट करण्याचे बटण दाबल्यावर लगेच काहीच बदललेले दिसत नाही, म्हणून लोक ते पुन्हा पुन्हा दाबतात. परिणाम गिंप बंद करून पुन्हा सुरू केल्यावरच दिसतो.