मिक्स्ड रिॲलिटीतून सीपीआर शिकवताना मला चकवणारी गोष्ट

सर्वसामान्य माणसांना मिक्स्ड रिॲलिटीच्या (खऱ्या दृश्यावर आभासी चित्र बसवणाऱ्या तंत्राच्या) साहाय्याने सीपीआर, म्हणजे हृदय थांबलेल्या माणसाची छाती दाबून जीव वाचवण्याचा उपाय, शिकवण्याच्या कामात तुम्ही नव्याने येत असाल, तर मिनिटाला 100 ते 120 दाब, प्रौढाच्या छातीवर किमान 5 आणि जास्तीत जास्त 6 सेंटीमीटर खोली, प्रत्येक दाबानंतर छाती पूर्ण वर येऊ देणे, हे तुम्हाला ठाऊक असेलच. म्हणून मी थेट माझ्या चुकीकडे वळते. ती लक्षात यायला मला कित्येक सत्रे लागली आणि त्या सत्रांतली माणसे काय शिकून गेली असतील, हा विचार मला आजही स्वस्थ बसू देत नाही.

हेडसेटमधून खरी खोली दिसते आणि जमिनीवरच्या सरावाच्या पुतळ्यावर आभासी रुग्णाचे शरीर बसवलेले दिसते. सत्राच्या आरंभी मी दोन्हींची जुळवणी करून निर्धास्त होत असे. परंतु जोरदार दाबांनी पुतळा फरशीवर थोडाथोडा सरकतो. आभासी शरीर मात्र होते तिथेच राहते, कारण आमच्या रचनेत ते खोलीतल्या जागेशी बांधलेले होते, पुतळ्याशी नव्हे. पुतळा डोक्याच्या दिशेने दोन-तीन बोटे सरकला, तरी शिकणाऱ्याचे हात छातीच्या हाडाच्या खालच्या अर्ध्या भागावरून पोटाकडे उतरतात, आणि समोरचे चित्र त्याला सगळे ठीक असल्याचेच सांगत राहते. हाताला वेगळे जाणवले, तरी माणूस डोळ्यांचेच ऐकतो. त्यातच एका हातावर दुसरा ठेवला की खालचा हात हेडसेटच्या कॅमेऱ्यांना नीट दिसत नाही, त्यामुळे तपासणीचा तोही मार्ग भरवशाचा उरत नाही.

म्हणून पुतळ्याखाली न सरकणारी चटई घाला, जुळवणीची खूण पुतळ्यावरच चिकटवा आणि दाबाची खोली पुतळ्यातल्या सेन्सरवरूनच मोजा. दर 2 मिनिटांनी दाब देणारी व्यक्ती बदलताना जुळवणी पुन्हा पाहा. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, हेडसेट चढवण्यापूर्वी प्रत्येकाला छातीचे हाड बोटांनी चाचपून शोधायला लावा.

पुतळ्याशिवाय, हवेतच हात हलवून शिकवण्याचा सोपा मार्ग कोणी सुचवला, तर तो साफ नाकारा. छाती किती जोराने दाबावी लागते, हे हवेतून कधीच कळत नाही. मार्गदर्शकही असा निवडा, ज्याने पुतळ्याशेजारी गुडघे टेकून अनेकांना शिकवले आहे. सॉफ्टवेअर तुम्हाला अवघड वाटत असेल, तर घाबरू नका, ते मागाहूनही शिकता येते.

या साधनावर माझा विश्वास आहे, तो रुग्णाच्या आचक्यांमुळे. हृदय थांबल्यानंतरही काही रुग्ण अधूनमधून आचके देतात आणि पाहणारे त्यालाच श्वास समजून थांबतात. साध्या पुतळ्यावर हे दाखवता येत नसे; आभासी चेहऱ्यावर ते पाहिलेली माणसे पुढच्या फेरीत थबकत नाहीत, हे मी पाहिले आहे.

आता माझ्या सत्रातली शेवटची 2 मिनिटे हेडसेटशिवाय असतात. हेडसेटमधल्या सूचना दिसेनाशा झाल्या की पहिल्या फेरीत बहुतेकांचा वेग ढासळतो. त्यांना थोडी विश्रांती देऊन मी तीच फेरी पुन्हा घेते.