पेशी चिकटली म्हणजे सरकली असे नव्हे: काइनेज-निरोधकांच्या प्रयोगांत या चुका टाळा

केमोकाइनचा (पेशींना बोलावणाऱ्या प्रथिनाचा) इशारा मिळताच टी पेशीतील (एका प्रकारच्या पांढऱ्या रक्तपेशीतील) काइनेज (इतर रेणूंना फॉस्फेट जोडणारी एन्झाइमे) आणि रॅप१ सारखी जीटीपीएज एन्झाइमे (संदेशाच्या चालू-बंद कळा) एलएफए-१ या इंटिग्रिनला (पेशीपृष्ठावरील चिकटणाऱ्या प्रथिनाला) ताठ करतात आणि ते रक्तवाहिनीच्या अस्तरावरील आयकॅम-१ या प्रथिनाला धरते. ही पकड वेळेवर सुटली नाही, तर पेशी पुढे जाऊ शकत नाही, आणि बहुतेक चुकीचे निष्कर्ष हे विसरल्यामुळेच निघतात.

रो काइनेजचेच पाहा. वाय-२७६३२ हे निरोधक दिल्यावर ट्रान्सवेलमधून (सच्छिद्र पडद्याच्या कप्प्यातून) उतरणाऱ्या पेशी घटतात, पण प्लेटवर चिकटलेल्या पेशी तेवढ्याच राहतात, कधी वाढतातही, आणि विद्यार्थी दोन्ही निकाल परस्परविरोधी मानून प्रयोग पुन्हा लावतो. त्याऐवजी वीस मिनिटे सूक्ष्मदर्शकाखाली पाहावे: पेशीचे पुढचे टोक चाचपडत पुढे सरकते, मात्र आकुंचनाचे बळ नसल्याने शेपटी मागे अडकून लांब तंतूसारखी ताणली जाते. निकालांत विरोध नाही. पेशीला पाय उचलता येत नाही, एवढेच.

उद्दीपक निवडतानाही अशीच गफलत होते. फॉर्बॉल एस्टर हे रसायन केमोकाइनच्या ग्राहीला वगळून थेट प्रोटीन काइनेज सी जागे करते, तर मँगनीज बाहेरूनच इंटिग्रिनचा आकार बदलते. म्हणून मँगनीज असताना पीआय३ काइनेजच्या निरोधकाने फरक पडला नाही, यावरून त्या एन्झाइमची भूमिकाच नाही असे म्हणता येत नाही. नियंत्रण म्हणून मात्र मँगनीज उत्तम: तिथेही पकड सैल झाली, तर निरोधकाच्या विषारीपणाचा संशय आधी घ्यावा.

पीआय३ काइनेजच्या निरोधकांपैकी एलवाय२९४००२ एमटॉर या दुसऱ्या काइनेजलाही रोखते आणि वोर्टमॅनिन माध्यमात फार टिकत नाही, त्यामुळे रात्रभराच्या प्रयोगात ते वापरू नये. न्यूट्रोफिलसाठी (दुसऱ्या प्रकारच्या पांढऱ्या पेशींसाठी) पीआय३ काइनेजच्या गॅमा, लसिकापेशींसाठी (टी पेशी यांतच येतात) डेल्टा प्रकाराचे निवडक निरोधक अधिक विश्वासार्ह ठरतात; निरोधक ज्यात विरघळवतात त्या डीएमएसओचे नियंत्रण हवेच.

ट्रान्सवेलच्या दोन्ही बाजूंना समान केमोकाइन असलेली एक विहीर ठेवल्याशिवाय दिशायुक्त स्थलांतर आणि नुसती वाढलेली हालचाल वेगळी ओळखता येत नाही. छिद्रे न्यूट्रोफिलसाठी साधारण ३, टी पेशींसाठी ५ मायक्रोमीटरची घ्यावीत.

आणि नियंत्रणातील पेशीच चिकटत नसतील, तर एन्झाइमांना दोष देण्यापूर्वी बफरची बाटली पाहावी, कारण ईडीटीए राहून गेले असेल तर इंटिग्रिनला लागणारे मॅग्नेशियम तेच बांधून ठेवते.