नथ, बोरमाळ यंत्रात टाकण्याआधी या चुका टाळा

"भाऊ, पाच मिनिटांत चकचकीत करून द्या," म्हणत काकूंनी बोरमाळ पुढे केली आणि मी ती न तपासता दागिने धुण्याच्या अल्ट्रासोनिक यंत्रात सोडली. थोड्या वेळाने पाणी तांबूस झालं. जुन्या घडणीचे पोकळ मणी, आत लाख भरलेली, त्यात पाणी कडक तापलेलं. लाख नरम होऊन भोकांतून बाहेर आली होती. एक मणी चिमटीत धरला, तर चेपला. लातुरात डागडुजी करताना झालेली ही चूक अजून मनाला लागून आहे. तेव्हापासून दागिना कशाचा आहे हे नंतर बघतो, तो कशाने धरलाय हे आधी.

यंत्राच्या टाकीच्या तळाला चिकटवलेले ट्रान्सड्यूसर, म्हणजे विजेवर कंप पावणाऱ्या चकत्या, थरथरतात. यंत्र 40 किलोहर्ट्झचं असेल तर सेकंदाला 40,000 कंपनं. त्याने पाण्यात डोळ्यांना न दिसणारे बुडबुडे होतात आणि लगेच मिटतात. मिटताना बसणारा झटका ब्रश पोचत नाही तिथला मळ उखडतो. पण मळ काय, डिंक काय, लाख काय, त्या झटक्याला सगळं सारखंच.

म्हणून मोत्याची नथ कधीच टाकू नका. गरम साबणपाण्यात मोत्याचा पाणीदारपणा जातो, पोवळ्याचीही तीच गत. नथ ओल्या मऊ कापडाने पुसली की झालं. पाचूच्या चिरांत बहुतेक वेळा तेल भरलेलं असतं. ते निघालं की चिरा उघड्या पडतात आणि गिऱ्हाईक म्हणतं, तुम्हीच खडा फोडला. ओपल, फिरोजा, दोऱ्यात गाठवलेलं काहीही नको. ऑक्सिडाइज्ड चांदीची काळी झाकही उतरू शकते. भरीव सोनं-चांदी, स्टील, काच, घट्ट बसलेले हिरे खुशाल टाका. फक्त आधी कानाजवळ हलवा, खडा खुळखुळला तर थांबा.

मळ निघतच नसेल तर यंत्राला दोष देण्याआधी पाणी बघा. आपल्याकडचं बोअरचं पाणी जड, दागिन्यावर पांढरे डाग ठेवतं. डिस्टिल्ड वॉटर वापरा. ताज्या पाण्यात हवा विरघळलेली असते, तिच्यामुळे झटका मंदावतो. म्हणून यंत्र पाच-दहा मिनिटं रिकामंच चालवा. रिकामं म्हणजे दागिन्याशिवाय, पाण्याशिवाय नव्हे! तरीही शंका असेल तर पोळ्या गुंडाळायच्या फॉइलचा तुकडा पाण्यात अर्धा मिनिट उभा धरा. सगळीकडे बारीक खड्डे, भोकं पडली पाहिजेत. एक बाजू कोरी राहिली तर त्या बाजूचा ट्रान्सड्यूसर तपासून घ्या. दागिने जाळीतच ठेवा, तळावर नको. आणि पेट्रोल, थिनर टाकीत ओतायचा विचारही करू नका, भडका उडेल.

तेच गढूळ पाणी आठवडाभर चालवण्याची सवय मला समजते. 2016 साली मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आलं, ते दिवस पाहिलेल्या माणसाचा हात पाणी ओतताना अडतोच. पण गढूळ पाण्यातला मळ परत दागिन्यावर बसतो. रात्री पाणी बादलीत निवळू द्या, वरचं ओतून द्या आणि तळाचा गाळ झारेकऱ्यासाठी, म्हणजे गाळातून सोनं वेचणाऱ्यासाठी, जपून ठेवा.