या चुका टाळा: फोन तुम्हाला न विचारता काय काय उरकतो

मिरजेत बसून परगावच्या शिष्याला ख्याल शिकवणं, तासगावकडच्या बांधावरून पिकाची नोंद करणं, सांगलीतल्या छापखान्याला घरबसल्या पत्रिकेचा मजकूर धाडणं, ही कामं आता खिशातल्या फोनवर नाहीतर मांडीवरच्या टॅबवर होतात. बिघडली की "रेंज नव्हती" किंवा "फोन जुना झाला" म्हणून आपण मोकळे होतो. कारण बऱ्याचदा वेगळंच असतं. फोनवरची नेहमीची अ‍ॅप बोलण्यासाठी आणि गप्पांसाठी जुळवलेली असतात. त्यामुळे फोटो लहान होतो, आवाज गाळला जातो, शब्द बदलतो, आणि हे सगळं परस्पर.

तंबोरा कुठे गेला?

मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. तंबोऱ्याची सगळी जादू त्याच्या जवारीत, त्या अखंड झणकारात. नेमका तोच झणकार व्हिडिओ कॉलला घरातला पंखा वाटतो! एकसारखा, न थांबणारा आवाज म्हणजे गोंगाट, असं धरूनच कॉलमधली गाळणी चालते. गुरुजींच्या खोलीत तंबोरा छान चालू असतो आणि पलीकडे तो थोड्याच वेळात विरून जातो. लांबवलेला षड्जही, म्हणजे 'सा'ही, मधेच बुडतो. मग कुणीतरी महागडा माईक घ्यायला सुचवतं. फरक पडत नाही, कारण आवाज कापतंय ते अ‍ॅप.

झूमवर शिकवत असाल तर ऑडिओच्या सेटिंगमध्ये 'ओरिजिनल साउंड फॉर म्युझिशियन्स' हा पर्याय आहे. तो चालू करा आणि मीटिंग सुरू झाल्यावर त्याचं बटण खरंच चालू आहे ना, हे पुन्हा बघा. शिष्याकडेही तो चालू हवा, कारण ज्याचा आवाज त्याच्याच फोनवर गाळला जातो. प्रतिध्वनी रोखणारी सोय बंद केलीत तर दोघांनीही इअरफोन घालायचे, तेही तारेचे. ब्लूटूथवर माईक चालू झाला की आवाजाचा दर्जा उतरतो आणि उशीरही वाढतो. व्हॉट्सअ‍ॅपच्या साध्या कॉलवर असं बटणच नाही. तिथे चौकशी होईल, तालीम नाही.

दुसरा हट्ट सोडायचा तो एकत्र गाण्याचा. आवाज पलीकडे पोहोचायला क्षणभर लागतोच, त्यामुळे सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, कधीच जुळत नाही आणि दोघंही एकमेकांवर वैतागतात. आधी गुरूंनी गावं, मग शिष्यानं. पट्टी ठरवून तंबोऱ्याचं अ‍ॅप शिष्यानं आपल्या बाजूला दुसऱ्या फोनवर लावावं. माझं विचाराल तर तासभराच्या अडखळत्या कॉलपेक्षा नीट ध्वनिमुद्रित करून पाठवलेला दहा मिनिटांचा रियाज गुरूंना जास्त काही सांगतो. ती फाइल मात्र व्हॉट्सअ‍ॅपवर डॉक्युमेंट म्हणून पाठवायची, म्हणजे जशीच्या तशी जाते.

"फोटो फाटतोय"

हे वाक्य छापखान्यात रोज ऐकू येतं. फोन पन्नास मेगापिक्सेलचा, मग फोटो फाटतो कसा? व्हॉट्सअ‍ॅपवर नेहमीसारखा पाठवलेला फोटो लांब बाजूला साधारण १६०० पिक्सेलवर येतो. चांगल्या छपाईला इंचाला ३०० ठिपके धरतात. भागाकार करा, साडेपाच इंचसुद्धा भरत नाहीत. पत्रिकेच्या कोपऱ्यात तो खपून जाईल, पण भिंतीवरच्या फ्रेमसाठी नाही. एचडी पर्यायानं थोडं सुधारतं, तरी फोटो लहान होतोच. क्लिपच्या चिन्हातून 'डॉक्युमेंट' निवडा आणि तिथून फोटो उचला, म्हणजे मूळ फाइल जशीच्या तशी जाते. २ जीबीपर्यंत चालतं. गॅलरीतल्या फोटोचा स्क्रीनशॉट काढून तो पाठवणाऱ्यांना काय म्हणावं!

मजकुराचं दुखणं निराळं. फोनवरचं मराठी युनिकोडमध्ये, म्हणजे सगळीकडे सारख्याच चालणाऱ्या अक्षर-संकेतांत असतं, तर कित्येक डीटीपीवाल्यांकडे अजून जुन्या पद्धतीचे फॉन्ट चालतात. तिथे मजकूर चिकटवला की चौकोन आणि कचरा दिसतो, मग ऑपरेटर सगळं पुन्हा टाइप करतो आणि मामांच्या नावाचा काना गळतो. मजकुरासोबत त्याचा स्क्रीनशॉटही द्या, म्हणजे ताडून बघता येतं. बोलून टाइप करत असाल तर आरग, बेडग अशी गावं आणि आडनावं हातानं तपासा. अनोळखी नावाच्या जागी फोन ओळखीचा शब्द बसवून टाकतो.

बांधावर

ई-पीक पाहणी, म्हणजे शेतकऱ्यानं स्वतःच अ‍ॅपवर पिकाची नोंद करणं, राज्यभर १५ ऑगस्ट २०२१ पासून सुरू झाली. पिकाच्या फोटोबरोबर जागेची नोंदही लागते. शेतात उभं राहूनही फोन भलतीच जागा दाखवत असेल, तर अ‍ॅपला लोकेशनची परवानगी 'अचूक' दिलीय की 'अंदाजे', हे आधी बघा. अँड्रॉइड १२ पासून हे दोन पर्याय वेगळे झालेत. बॅटरी वाचवणारा मोड बंद करा आणि द्राक्षाच्या मांडवाखालून बाहेर येऊन मोकळ्या आभाळाखाली मिनिटभर थांबा.

उन्हातही फोन अडतो. अ‍ॅपल आपला फोन ३५ अंशांपर्यंतच्या हवेत वापरायला सांगते, आणि उन्हाळ्यात आपल्याकडे पारा चाळिशी गाठतो. गाडीच्या हँडलवर उन्हात लावलेला फोन मग चार्जिंग थांबवतो, पडदा मंद करतो. सावलीत ठेवा, कव्हर काढा. फ्रिजमध्ये ठेवू नका, आत दव धरतं.

टॅब घेताना

चित्रं काढणाऱ्या मुलांसाठी टॅब घ्यायचा तर आधी अ‍ॅप ठरवा, मग टॅब. प्रोक्रिएट हे चित्रकलेचं अ‍ॅप टॅबमध्ये फक्त आयपॅडवर चालतं. ते अँड्रॉइड टॅब घेतल्यावर शोधून उपयोग नाही. रबरी टोकाच्या स्वस्त पेनला हाताचा दाब कळत नाही, त्यामुळे रेघ जाड-बारीक होत नाही. त्या टॅबला कोणतं पेन चालतं, हे दुकानातच रेघ ओढून बघा.

जागा भरली म्हणून गूगल फोटोजमधून फोटो पुसलात, तर बॅकअप घेतलेला फोटो फोनमधून आणि ऑनलाइन साठ्यातून, दोन्हीकडून जातो. फोन रिकामा करायचा तर तिथलाच 'फ्री अप स्पेस' पर्याय वापरा. चुकून पुसलेला बॅकअपमधला फोटो ६० दिवस ट्रॅशमध्ये सापडतो.

एका बाबतीत मात्र फोन विचारतो आणि 'हो' आपणच म्हणतो. लग्नपत्रिका किंवा वाहनाचं चलन म्हणून एपीके फाइल, म्हणजे अँड्रॉइड फोनवर अ‍ॅप बसवणारी फाइल येते. ती बसवू का, असं फोन विचारतो आणि आपण घाईत परवानगी देतो. पत्रिका फोटो नाहीतर पीडीएफ असते, एपीके कधीच नसते, मग ती आत्याच्या नंबरवरून का आलेली असेना. बसवली गेलीच तर आधी इंटरनेट बंद करा, दुसऱ्या फोनवरून बँकेला कळवा आणि पैसे गेले असतील तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा.