रणनीतीचे ग्रंथ वाचताना या चुका टाळा

रणनीतीवरचा लेख, परीक्षेतलं उत्तर किंवा टीव्हीवरची चर्चा फसते तेव्हा माहिती कमी पडली असं क्वचितच असतं. प्राचीन चीनचा सन त्झू, आपला कौटिल्य, प्रशियाचा क्लाउझेविट्झ ही नावं हजर असतात. मात्र त्यांच्याकडून तयार उत्तर उचललेलं असतं, आणि या मंडळींची खरी ताकद तर प्रश्न विचारण्यात आहे. हे युद्ध कशासाठी? ते किती दिवस पेलवेल? आपण चाल केल्यावर समोरचा काय करेल? हे तीन प्रश्न नजरेआड झाले की पुढच्या चुका एकापाठोपाठ एक घडत जातात.

सन त्झूच्या नावावर खपणारी वाक्यं

‘रणनीतीविना डावपेच म्हणजे पराभवाआधीचा गोंगाट’ हे वाक्य सन त्झूच्या नावाने सर्वत्र फिरतं. त्याच्या ‘युद्धकला’ या ग्रंथाच्या १३ प्रकरणांत ते कुठेच नाही. वाक्य चांगलं आहे, हीच पंचाईत. म्हणून ते कोणी तपासत नाही. ग्रंथ इतका छोटा आहे की एका बैठकीत वाचून होतो. अवतरण देताना प्रकरणाचा क्रमांक शोधा. तो सापडला नाही तर वाक्य गाळा.

दुसरी चूक याहून मोठी. सन त्झू म्हणजे फसवणुकीच्या युक्त्यांचं पुस्तक, असा समज पक्का झालेला आहे. फसवणूक त्यात आहेच, पण दुसरं प्रकरण उघडून बघा. लाखाची फौज बाहेर काढली तर रोज हजार सुवर्णमुद्रा लागतील, रथ मोडतील, भाव चढतील, प्रजा रिकामी होईल, आणि लांबलेल्या युद्धाने कोणत्याही राज्याचं भलं झालेलं नाही, असा तिथे रोकडा हिशेब मांडलेला आहे. तिसऱ्या प्रकरणातला क्रमही याच हिशेबातून येतो: आधी शत्रूचे बेत हाणून पाडा, ते जमलं नाही तर त्याच्या मैत्र्या तोडा, मग सैन्याशी लढा, आणि तटबंदीच्या शहरांना वेढा घालणं अगदी शेवटी. ‘न लढता जिंकणं’ या कल्पनेला अहिंसेचा रंग देणाऱ्यांनी हा खर्चाचा भाग वाचलेला नसतो.

नकाशा रंगवून कौटिल्य समजत नाही

शेजारी तो शत्रू, शेजाऱ्याचा शेजारी तो मित्र. एवढं सांगून नकाशावर दोन रंग भरले की मंडल सिद्धांत झाला, असं अनेक लेखांत दिसतं. अर्थशास्त्रातल्या मंडलात पाठीवर बसलेला पार्ष्णिग्राह आहे, दोघांच्या सीमेला लागून असलेला मध्यम आहे, आणि सर्वांहून बलाढ्य पण दूर राहिलेला उदासीनही आहे. हे तिघे वगळले तर उरतं ते निव्वळ भूगोलाचं ठोकळेबाज गणित.

शिवाय मंडल ही केवळ मांडणी झाली; निर्णय पुढे षाड्गुण्यात, म्हणजे परराष्ट्रनीतीच्या सहा मार्गांत होतो. संधी (तह), विग्रह (वैर), आसन (थांबून राहणं), यान (चढाई), संश्रय (दुसऱ्याचा आश्रय) आणि द्वैधीभाव (एकाशी तह, दुसऱ्याशी वैर) या सहांपैकी कोणता गुण वापरायचा, हे आपल्या आणि शत्रूच्या सात प्रकृती, म्हणजे राज्याची अंगं, तोलून ठरवायचं असतं: स्वामी, अमात्य, जनपद, दुर्ग, कोश, दंड आणि मित्र. सैन्य म्हणजे दंड या यादीत सहाव्या जागी आहे, आणि कोश त्याच्या आधी. संधी आणि विग्रह या दोहोंत लाभ सारखाच असेल तर संधी करावी, कारण विग्रहात क्षय, व्यय, प्रवास आणि विघ्नं आहेत, असं कौटिल्य सातव्या अधिकरणात स्पष्ट सांगतो. उत्साहशक्तीपेक्षा (शौर्य) प्रभुशक्ती (कोश आणि सैन्य) मोठी आणि प्रभुशक्तीपेक्षा मंत्रशक्ती (बुद्धी आणि सल्ला) मोठी, हेही त्याचंच मत. ‘चाणक्य असता तर आज हल्लाच केला असता’ असं म्हणणाऱ्याकडून ही दोन स्थळं मोठ्याने वाचून घ्यावीत.

पात्राचं वाक्य लेखकाच्या तोंडी

‘बलवान जे शक्य ते करतात आणि दुर्बळांना जे सोसावं लागतं ते सोसतात’ हा प्राचीन ग्रीक इतिहासकार थ्युसिडिडीझचा सिद्धांत म्हणून सांगितला जातो. मुळात हे उद्गार अथेन्सच्या दूतांचे आहेत. इ.स.पू. ४१६ मध्ये मेलोस या छोट्या बेटाला धमकावताना ते असं बोलतात. लगेच पुढच्या वर्षी हेच अथेन्स सिसिलीवर स्वारी करतं आणि ४१३ मध्ये तिथे आरमार आणि सैन्य दोन्ही गमावून बसतं. थ्युसिडिडीझने हे दोन प्रसंग शेजारी मांडले आहेत. तो स्वतः अथेन्सचा सेनापती होता आणि अपयशामुळे हद्दपार झाला होता. बळाची भाषा कुठे नेते हे त्याला कोणी वेगळं सांगायला नको होतं. मेलोसचा संवाद उद्धृत करणार असाल तर सिसिलीपर्यंत वाचत जा.

क्लाउझेविट्झचं अर्धं वाचन

इथे जरा थांबायला हवं, कारण सर्वाधिक गोंधळ याच्याबाबत आहे. कार्ल फॉन क्लाउझेविट्झ १८३१ साली कॉलऱ्याने गेला. त्याची पत्नी मारी हिने पुढच्या वर्षीपासून त्याचं लेखन छापलं. त्यातला ‘युद्धाविषयी’ हा मुख्य ग्रंथ अपुरा होता. पहिल्या भागाचं पहिलं प्रकरण तेवढं आपण पूर्ण झालं असं मानतो, अशी त्याची स्वतःची टीप आहे. त्यामुळे मधल्याच भागातून एक ओळ उचलून ‘क्लाउझेविट्झ म्हणतो’ असं लिहिणं धोक्याचं. ती ओळ त्याच्या आधीच्या विचारांची असू शकते.

पहिल्या प्रकरणात तो आधी युद्धाची निव्वळ कल्पना मांडतो. तिच्यात दोन्ही बाजू एकमेकींना टोकापर्यंत ढकलत नेतात. मग तो विचारतो, प्रत्यक्षात असं का होत नाही? कारण युद्ध एका फटक्यात संपत नाही, माहिती अपुरी असते, आणि मुख्य म्हणजे प्रत्येक युद्धामागचा राजकीय हेतू लहानमोठा असतो. पहिला अर्धा भाग वाचून सोडला की क्लाउझेविट्झ सर्वंकष संहाराचा पुरस्कर्ता वाटतो. उरलेला वाचला की तो त्याच कल्पनेला लगाम घालताना दिसतो.

त्याच्या ‘त्रयी’चंही असंच होतं. जनता, सैन्य, सरकार असा त्रिकोण काढायचा आणि दहशतवादी संघटनेला सरकार नसतं, म्हणून क्लाउझेविट्झ कालबाह्य, असा निकाल द्यायचा. पण मूळ त्रयी प्रवृत्तींची आहे: द्वेष आणि आवेश, योगायोग आणि शक्यतांचा खेळ, आणि हेतूला बांधलेली बुद्धी. जनता, सेनापती, सरकार यांच्याशी तो त्यांचा मुख्यत्वे संबंध जोडतो, एवढंच. डोंगरात लपलेल्या दोनशे बंडखोरांमध्येही या तिन्ही गोष्टी असतात. विश्लेषण अडलं तर त्रिकोणाची टोकं पुसा आणि या तीन प्रवृत्ती शोधा.

‘युद्ध सुरू झालं की राजकारण्यांनी बाजूला व्हावं’ हे मतही कित्येकदा त्याच्या खात्यावर टाकलं जातं. ते प्रशियाचा सेनाप्रमुख मोल्टके याचं. फ्रान्सविरुद्धच्या १८७०-७१ च्या युद्धात पॅरिसवर तोफांचा मारा करायचा की नाही, यावरून त्याचं आणि प्रशियाचं सरकार चालवणाऱ्या बिस्मार्कचं जोरदार वाजलं. क्लाउझेविट्झ या भांडणात बिस्मार्कच्या बाजूने उभा राहिला असता.

लढाई जिंकली, युद्धाचं काय?

इ.स.पू. २१६ मध्ये इटलीतल्या कॅनी इथे कार्थेजच्या हॅनिबलने आपल्याहून मोठ्या रोमन सैन्याला वेढून कापून काढलं. लष्करी शाळांमध्ये ही लढाई आजही शिकवतात. शिकवताना एक गोष्ट निसटते, ती ही की हॅनिबल ते युद्ध हरला. रोमने तह मागितला नाही, नवी सैन्यं उभी केली, इटलीत समोरासमोरची मोठी लढाई टाळली, स्पेनमधला त्याचा आधार तोडला, आणि २०२ मध्ये झामा इथे आफ्रिकेच्या भूमीवर त्याला हरवलं.

जर्मन जनरल स्टाफचा प्रमुख आल्फ्रेड फॉन श्लीफेन याला कॅनीने झपाटलं होतं. निवृत्तीनंतर त्याने तिच्यावर दीर्घ अभ्यास लिहिला. १९१४ मध्ये त्याच्या विचारातून निघालेल्या योजनेनुसार जर्मन फौजा फ्रेंच सैन्याला वळसा घालायला बेल्जियममधून शिरल्या. बेल्जियमच्या तटस्थतेची हमी १८३९ च्या करारात होती. ती मोडली आणि ब्रिटनला युद्धात उतरायला कारण मिळालं. सप्टेंबरमध्ये मार्न नदीपाशी आक्रमण अडलं. फ्रेंचांना कसं वेढायचं याचं बारकाईने उत्तर देणाऱ्या योजनेने शत्रूंची संख्या वाढवली होती. जपानने १९४१ मध्ये पर्ल हार्बर या अमेरिकी आरमारी तळावर केलेला हल्ला हे याच जातीचं उदाहरण. सकाळच्या काही तासांत आठ युद्धनौका बुडाल्या किंवा त्यांचं नुकसान झालं, आणि वाटाघाटीचा रस्ता अमेरिकी जनतेच्या मनातून कायमचा बंद झाला.

यावरचा उपाय कंटाळवाणा आहे, पण चालतो. कोणत्याही योजनेखाली एक ओळ लिहा: हे सगळं यशस्वी झालं तर दुसऱ्या दिवशी शत्रूचं सरकार काय करेल? ‘शरण येईल’ एवढंच सुचत असेल तर कारण लिहा. कारण सापडत नसेल तर हातात आहे तो डावपेच. रणनीती अजून झालेली नाही.

थोडक्यात आटोपता येतील अशा चुका

समुद्री सत्तेवर लिहिताना मोठ्या आरमारी लढाईवर भर देणारा अमेरिकी लेखक मॅहन तेवढा वाचतात आणि ब्रिटिश लेखक कॉर्बेटला विसरतात. मोठ्या आरमारी लढाईची तयारी जपानने वर्षानुवर्षं केली, मालवाहू जहाजांच्या संरक्षणाकडे मात्र उशिरा पाहिलं; दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी पाणबुड्यांनी तिथेच घाव घातला. समुद्राचं महत्त्व त्यावरून चालणाऱ्या दळणवळणात आहे, हे कॉर्बेटने १९११ मध्येच लिहून ठेवलं होतं.

अमेरिकी हवाई दलातल्या जॉन बॉइडचं निरीक्षण-आकलन-निर्णय-कृती हे चक्र म्हणजे निव्वळ वेग, हा दुसरा गैरसमज. त्याचा भर आकलनावर होता. चुकीच्या समजुतीवर झटपट कृती केली तर माणूस खड्ड्यात लवकर पडतो, इतकंच.

धाक आणि जबरदस्ती यांची गल्लत

एखाद्याला काही करण्यापासून रोखणं (धाक) आणि त्याने केलेलं मागे घ्यायला लावणं (जबरदस्ती) या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हा भेद अमेरिकी अभ्यासक थॉमस शेलिंगने नीट मांडला. दुसरी जास्त अवघड, कारण तिथे समोरच्याला सगळ्यांदेखत मागे सरकावं लागतं. १९६५ ते १९६८ या काळात उत्तर व्हिएतनामवर टप्प्याटप्प्याने वाढवत नेलेली बॉम्बफेक त्याला वाकवू शकली नाही. देश एक करण्याचं त्याचं उद्दिष्ट त्या किमतीपेक्षा मोठं होतं.

धमकीसोबत ‘ऐकलंस तर मारणार नाही’ हे आश्वासनही लागतं. क्यूबातल्या सोव्हिएत क्षेपणास्त्रांवरून उभ्या राहिलेल्या १९६२ च्या पेचातून ‘ठाम राहिलं की समोरचा झुकतो’ असा धडा अनेकांनी घेतला. तुर्कस्तानातली अमेरिकी ज्युपिटर क्षेपणास्त्रं काढून घेण्याचं राष्ट्राध्यक्ष केनेडींचं गुप्त आश्वासन अनेक वर्षं दडलेलं होतं. अर्ध्या कागदपत्रांवरून काढलेला धडा पुढच्या पिढीच्या हातात पूर्ण म्हणून गेला.

शत्रूची रणनीती आपणच रचणं

फेब्रुवारी २०१३ मध्ये रशियाचे लष्करप्रमुख वालेरी गेरासिमोव्ह यांचा युद्धातल्या लष्करेतर साधनांच्या वापरावरचा एक लेख आला. मार्क गॅलिओटी या ब्रिटिश अभ्यासकाने त्यावर लिहिताना ‘गेरासिमोव्ह सिद्धांत’ असं लक्षवेधी नाव दिलं. ते सगळीकडे पसरलं. २०१८ मध्ये त्यांनी स्वतःच जाहीर माफी मागितली: असा सिद्धांत नव्हताच, आणि त्या लेखाचा बराच भाग पाश्चात्त्य देश कसे लढतात याबद्दलच्या रशियन समजुतीचा होता. परक्या सेनापतीचा लेख हाती आला तर आधी बघा, तो स्वतःबद्दल बोलतो आहे की तुमच्याबद्दल.

इच्छांची यादी म्हणजे राष्ट्रीय सुरक्षा नव्हे

अमेरिकेत १९८६ च्या गोल्डवॉटर-निकोल्स कायद्याने राष्ट्राध्यक्षांवर राष्ट्रीय सुरक्षा रणनीतीचा अहवाल देण्याची जबाबदारी टाकली. तेव्हापासून अशा दस्तऐवजांचा एक साचाच तयार झाला: समृद्धी, स्थैर्य, मूल्यं, भागीदारी. दोष ओळखायची एक सोपी चाचणी आहे. दस्तऐवजातून देशाचं नाव खोडा. उरलेला मजकूर कोणत्याही देशाला चालत असेल तर त्यात रणनीती नाही. दुसरी चाचणी: आपण काय करणार नाही, हे कुठे लिहिलं आहे का? साध्य, मार्ग आणि साधनं यांचं सूत्र सगळ्यांना पाठ असतं. साध्याच्या मानाने साधनं तोकडी पडली की उरतं ते जोखमीचं ओझं, आणि ते कोणाच्या माथी, हे लिहायला कोणी धजत नाही.

ही सांगड बसलेली बघायची तर १९७१ घ्या. पूर्व पाकिस्तानात २५ मार्चला लष्करी कारवाई सुरू झाली, निर्वासितांचे लोंढे आले, तरी भारताने लगेच सैन्य घातलं नाही. पावसाळ्यात त्या नद्यांच्या प्रदेशात हालचाल अशक्यप्राय होती, आणि चीनला मध्ये पडता येऊ नये म्हणून हिमालयातल्या खिंडी बर्फाने बंद होण्याला महत्त्व होतं. ९ ऑगस्टला सोव्हिएत संघाशी करार झाला. ३ डिसेंबरला युद्ध सुरू झालं आणि १६ डिसेंबरला ढाक्यात शरणागती झाली. यातून ‘योग्य वेळेची वाट पाहा’ एवढंच उचलू नका. वाट पाहणं फळलं, कारण दरम्यान ऋतू, मित्र आणि तयारी या तिन्ही गोष्टी भारताच्या बाजूला सरकत होत्या. त्या उलट दिशेने सरकत असत्या तर त्याच थांबण्याची किंमत दर महिन्याला वाढत गेली असती. म्हणून हे उदाहरण वापरताना आधी त्या तीन गोष्टी आपल्या प्रसंगात कोणीकडे सरकत आहेत ते लिहून काढा.