एकच स्विच दोनदा दिसायचा, तो प्रश्न असा सुटला

जळगाव, भुसावळ, धुळे इथल्या आमच्या सर्व्हर आणि नेटवर्क स्विचच्या (मशिन एकमेकांना जोडणारी पेटी) एक्सेल शीट जँगोच्या (पायथनमध्ये वेब ॲप बनवायची चौकट) वेब ॲपमध्ये घेतल्या, तर काही स्विच दोनदा दिसू लागले. मॅक ॲड्रेस, म्हणजे उपकरणाच्या नेटवर्क पोर्टचा ओळख क्रमांक, कुणी कोलन देऊन लिहिलेला, कुणी डॅश, कुणी सिस्कोसारखा ठिपक्यांनी तीन गटांत. डेटाबेसच्या साध्या टेक्स्ट कॉलमला हे तिन्ही वेगळेच.

आमचा डेटाबेस पोस्टग्रेस, त्यात ‘मॅकॲडर’ (macaddr) हा खास डेटा टाइप आहे. तो तिन्ही प्रकार घेतो आणि कोलनवालं एकच रूप परत देतो. मायग्रेशनमध्ये (डेटाबेसची रचना बदलणारी जँगोची फाइल) थेट एसक्यूएल लिहून कॉलम बदलला. एकच मूल्य दोनदा येऊ न देणारा युनिक इंडेक्स मात्र डुप्लिकेट काढेपर्यंत लागत नाही. धुळ्याच्या दादांनी रॅकमागे टॉर्च धरून सिरीयल नंबर वाचून दाखवले, तेव्हा कुठे खरी नोंद कळली.

आयपी ॲड्रेसलाही ‘आयनेट’ (inet) हा टाइप द्याच, क्रम लावताना १०.०.०.२ मग १०.०.०.१० च्या आधी येतो.