वेचणीच्या दिवसांत प्रभूची सेवा कशी करावी

आमच्या मंडळीतल्या नव्या सुना मला विचारतात, "मामी, उजाडायच्या आत भाकरी थापायच्या, दिवसभर वावरात कापूस वेचायचा, सांजच्याला परत चूल. मंग प्रार्थना करावं कवा?" मी त्यांना सांगते, वेळ आपण नंतर शोधू, आधी तुमच्या घरचा वजनकाटा तपासा.

वऱ्हाडात कापूस वेचणाऱ्या बाईची मजुरी किलोवर असते. दिवसभर पाठ वाकवून तिनं भरलेलं गाठोडं संध्याकाळी आपल्याच काट्याला लागतं आणि आकडाही आपणच वाचतो. तिथं देव आहे असं मानलं, तर बाकी भक्तीला पाया मिळतो. खोटी तागडी परमेश्वराला आवडत नाही, असं बायबलातल्या नीतिसूत्रांच्या 11 व्या अध्यायात पहिल्याच वचनात आहे. लेवीयच्या 19 व्या अध्यायात तर खरी मापं, खरी वजनं ठेवा अशी आज्ञाच आहे.

म्हणून हंगाम सुरू व्हायच्या आधी हे करा. किराणा दुकानदाराकडून वैधमापनाचा शिक्का असलेलं पाच किंवा दहा किलोचं वजन तासाभरासाठी मागून आणा आणि काट्याला लावा. ते मिळालं नाही तर युरियाची न फोडलेली थैली लावा. ती 45 किलोची येते, थैलीचं वजन थोडं वर दिसेल. मग रिकामं फडकं लावून धडा करा, म्हणजे फडक्याचं वजन आधीच वेगळं काढा. "फडक्याचा एक किलो कापला" असं अंदाजानं म्हणायचं नाही; फडकं भरेल तेवढंच कापायचं. आकडा मजूर बाईला दिसेल असा काटा टांगा. आमच्याकडे वजन वाचायचं काम बायांतलीच एक शिकलेली पोरगी करते आणि वहीत तीच लिहिते. माझी मुलं बाजूला उभी राहतात.

सहाव्या शतकात इटलीत बेनेडिक्ट नावाचे संत होऊन गेले. मठासाठी त्यांनी जे नियम लिहिले, त्यांत कोठी सांभाळणाऱ्याला सांगितलं आहे की मठातली सगळी भांडी, सगळं सामान वेदीवरच्या पवित्र पात्रांसारखं मानावं. आमच्या पाळकांनी एका रविवारी हे सांगितलं, तेव्हा मला आमच्या ओसरीवरचा काटाच आठवला. प्रभुभोजनाचा प्याला आपण किती जपून धरतो! तोच हात संध्याकाळी काट्याला लागतो.

आता मजुरीचं. मजुराची मजुरी रात्रभर आपल्याकडे ठेवू नये, असं लेवीयच्या त्याच 19 व्या अध्यायात आहे. याकोबाच्या पत्रात तर दाबून ठेवलेली मजुरी देवापुढे ओरडते असं म्हटलंय. आपल्या खेड्यांत हिशोब आठवडी बाजाराच्या दिवशी होतो, त्यामुळे वचन वाचून काहीजण घाबरतात. मला विचाराल तर बाईलाच विचारा. कोणाला रोजचे पैसे हवे असतात, कारण तेलमीठ रोजचं. कोणी म्हणते, "काकी, बाजाराच्या दिवशीच द्या, घरी नेले तर तो पिऊन टाकते." तिचे पैसे तिच्या सांगण्यावरून राहिले तर ते दाबून ठेवणं होत नाही. पण बाजाराला निघायच्या आधी, सकाळीच, मोजून हातात द्यावेत. दुपारी दिलेल्या पैशांना बाजार उरत नाही. जिनिंगवाल्याकडून कापसाचे पैसे यायचे अडकले ही आपली अडचण आहे, तिची नाही. आणि शनिवारी रात्री वहीत कोणाचं काही राहिलंय का ते पाहून घ्या. अर्पण वेदीजवळ ठेवून आधी भावाशी समेट कर, असं प्रभूनं मत्तयाच्या 5 व्या अध्यायात सांगितलंय. मी ते मजुरीलाही लावते.

विकतानाही हेच. कापूस सीसीआयच्या, म्हणजे सरकारी कापूस महामंडळाच्या, खरेदी केंद्रावर गेला की ओलावा मोजतात. 8 टक्क्यांपर्यंत पूर्ण भाव, पुढे 12 पर्यंत भाव उतरत जातो, त्यावर माल घेतच नाहीत. गावात येऊन खरेदी करणारा व्यापारी नुसत्या डोळ्यानं पाहतो, म्हणून रात्री ढिगावर पाणी मारणारे आहेत. व्यापारी कट्टी लावतो, म्हणजे वजनातून मनानं कापतो, हे मलाही ठाऊक आहे आणि रागही येतो. त्याच्याशी भांडा, दुसऱ्याकडे न्या. पाणी मारू नका.

एवढं झालं की प्रार्थना अवघड राहत नाही. सतराव्या शतकात पॅरिसच्या एका कार्मेली मठात ब्रदर लॉरेन्स स्वयंपाकघरात राबत. भांड्यांच्या खडखडाटातही ते देवाशी बोलत असत. आपल्याला पऱ्हाटीचे तास, म्हणजे कापसाच्या झाडांच्या ओळी, आहेत. तासाला लागताना एका माणसाचं नाव घ्या आणि तास संपेपर्यंत त्याच्यासाठी मागा. लांब शब्द लागत नाहीत. "प्रभू, तिच्या पोराचा ताप उतरू दे" एवढं पुरे. माझ्या शेजारच्या तासाला हिंदू बाया असतात, बौद्ध असतात. मी मोठ्यानं काही म्हणत नाही, त्यांच्या घरचं दुखणं ऐकून घेते आणि पुढच्या तासाला ते देवापुढे ठेवते. शास्त्र वाचायचं तर पहाटे चूल पेटल्यावर, पहिली भाकरी तव्यावर पडायच्या आधी चार वचनं. जास्त नको, पण तीच दिवसभर तोंडात राहू द्या. पौलानं कलस्सै गावच्या मंडळीला लिहिलेल्या पत्रातलं 3 ऱ्या अध्यायाचं 23 वं वचन पहिल्या आठवड्याला घ्या: जे काही करता ते प्रभूसाठी म्हणून जिवेभावे करा. पौलानं ते तिथल्या गुलामांना उद्देशून लिहिलं होतं. राबणाऱ्या माणसाचा देवाशी थेट संबंध आहे, हे त्यात मला फार मोठं वाटतं.

रविवारच्या विसाव्याबद्दल. निर्गमच्या 34 व्या अध्यायात सातव्या दिवशी, नांगरणी आणि कापणीच्या हंगामातही विसावा घ्या असं स्पष्ट आहे. आपण उपासनेत आणि मजूर आपल्या वावरात, असा विसावा मला पटत नाही. आम्ही रविवारी वावर बंद ठेवतो. त्या दिवशी मजुरी बुडते म्हणून बायांना आठवडाभर आधी सांगतो, म्हणजे त्या दुसरीकडे काम धरू शकतात.

फवारणीचंही सांगते, कारण 2017 मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं शेतमजूर दगावले. मास्क, हातमोजे आणि चष्मा आपल्या पैशानं आणा. फवारणाऱ्याला उपाशीपोटी पाठवू नका, वाऱ्याच्या विरुद्ध दिशेनं मारू देऊ नका, काम झाल्यावर साबण-पाणी द्या. शेजाऱ्यावर प्रीती कर म्हणजे काय, असं पोरांनी विचारलं तर हे दाखवता येतं.

शेवटचा कापूस. शेताच्या कडा झाडून घेऊ नका, सरवा, म्हणजे मागं राहिलेला माल, गरिबांसाठी आणि परक्यांसाठी राहू द्या, अशी देवाची आज्ञा आहे. बायबलातली विधवा रूथ तशाच सरव्यावर जगली. बोंडअळीमुळे आता फरदड, म्हणजे हंगामानंतरही उभं ठेवलेलं कापसाचं पीक, ठेवत नाहीत, पऱ्हाटी लवकर उपटतात, त्यामुळे वेचणाऱ्यांना दिवस थोडे मिळतात. म्हणून पऱ्हाटी उपटायच्या आणि मेंढरं वावरात सोडायच्या आधीचे चार दिवस ठरवून टाका. कोणत्या तारखेपासून वावर मोकळं आहे ते वस्तीतल्या म्हाताऱ्या बायांना आधी कळवा. त्या दिवसांत आपण बांधावर जाऊन उभं राहू नये, आपलं कोणी पाहतंय असं वाटलं की त्यांचा हात आखडतो.